हवा सुकवायची पेटी

बैलगाडीतून आधी ट्रंक उतरली, मग होल्डॉल उतरला, आणि शेवटी दोन माणसांनी धरून जी हिरवी पत्र्याची पेटी खाली ठेवली ती पाहून मनुबाईंचा भाकरतुकडा ओवाळणारा हात अर्ध्यावरच थांबला.

“लाला, ह्यात काय हाय रं?”

“मशीन हाय, आये.”

“गानी म्हनतंय?”

“न्हाई.”

“मग कापडं शिवतंय?”

“न्हाई गं. हवा सुकवतंय.”

मनुबाईंनी पदर सावरून वर पाहिलं. ज्येष्ठ सरत आला होता. आष्ट्यात आठवडाभर ऊन म्हणून दिसलं नव्हतं आणि दोरीवरची लुगडी वाळायचं नाव घेत नव्हती.

“एवढी समदी?” त्यांनी विचारलं.

“घरातली तेवढी.”

मनुबाईंनी भाकरतुकडा लेकावरून ओवाळला, पेटीवरूनही ओवाळला आणि जरा जास्तच लांब फेकला.

लालासाहेब हे नाव त्याला बारशाला मिळालं होतं. पुढच्या आयुष्यात साहेब होण्याचा योग काही आला नाही. लढाईत तो पाच वर्षं होता, पण बंदूक त्याने मोजली होती, उडवली नव्हती. फौजेच्या कोठारात बूट, घोंगड्या, गुंड्या आणि तंबूचे खुंटे मोजता मोजता त्याला हवालदारकी मिळाली आणि लढाई संपली. गल्लीतला नाथाजी त्याच लढाईतून जपानी तलवार घेऊन आला होता. त्याच्या बायकोने पहिल्याच आठवड्यात ती कडबा तोडायला घेतली, ही गोष्ट वेगळी. पण तलवार ती तलवार. लोक बघायला यायचे. लालासाहेबाकडे दाखवायला ही पेटीच होती. ब्रह्मदेशाच्या जंगलात वायरलेसला बुरशी चढू नये म्हणून फौज असल्या पेट्या वापरायची. लढाईनंतर सरकारने उरलासुरला माल लिलावात काढला तेव्हा त्याने ती घेतली.

पेटी दोन मजली होती. वरच्या ताटात पांढरे खडे घालायचे. ते हवेतली ओल पितात, पाझरतात आणि ते पाणी खालच्या डब्यात थेंब थेंब उतरतं. डब्याला बाहेरून काचेची पट्टी होती, म्हणजे पाणी किती चढलं ते दिसावं. बाजूला पंख्याचा दांडा होता. हाताने फिरवला की ओली हवा आत ओढली जायची. आणि डबा भरला की आतला तरंगता गोळा वर येऊन घंटी वाजायची. पाच वर्षांत ही एकच वस्तू अशी भेटली की जी आपलं काम संपल्याचं स्वतःहून कळवते, असं लालासाहेब सांगायचा. कोठारातल्या माणसाला याहून मोठं सुख नसतं.

विजयमालेला मात्र पेटीत काडीचा रस नव्हता. लग्न होऊन चार महिने होतात न होतात तोच नवरा फौजेत गेला होता. पाच वर्षांत तिने त्याला दोनदा पाहिलं, आणि त्यातल्या एकदा त्याला गोवर आला होता. आता तो आला होता खरा, पण राहणार होता का, हे तिला कुणी सांगत नव्हतं. शेवटी तिनेच भाकरी वाढताना विचारलं.

“आवं, आता हितंच ना?”

“बगू,” लालासाहेब म्हणाला. “शेतावर थोरला हाय, त्याला माझी गरज न्हाई. मागच्या खेपंला मी पेरायची पाभर उलटी जुपली, तवापास्नं तो मला बांधावर बी उबा करत न्हाई. पुन्याच्या डेपोत सुबेदारसाब म्हनलेत, नारळी पुनवंपतोर ये, जागा राखून ठेवतो.”

“आन् हितं जागा मिळाली तर?”

“तर कशाला जातोय?”

विजयमालेने त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली.

आष्ट्यात कोठार सांभाळायची जागा एकच होती, आणि ती भिंतीपलीकडे होती. शेजारी बाहुबलीआण्णांचं दुकान, आणि दुकानामागे त्यांची गुळाची वखार. वखारीची आणि लालासाहेबाच्या माजघराची भिंत एकच. आण्णा उन्हाळ्यात गूळ भरून ठेवायचे आणि गणपतीच्या तोंडावर सांगलीच्या पेठेत काढायचे. मधले तीन महिने गूळ पाघळू द्यायचा नाही, एवढंच काय ते काम, पण त्यात माणूस निम्मा व्हायचा. त्यांचे जुने दिवाणजी मिरजेला मुलाकडे राहायला गेले, तेव्हापासून आण्णांनी वखारीची किल्ली कुणाच्या हाती दिली नव्हती. संध्याकाळी गाड्या येत, हमाल खोळंबत, कुलूप लावायला दिवेलागण होई. आणि घरी बायकोचा, आक्काताईंचा, नेम कडक. दिवस बुडाला की चूल बंद. जैनाच्या घरात दिवस बुडाल्यावर जेवण नाही, पाणीसुद्धा नाही.

पावसाळ्यात दिवस कधी बुडाला हे दिसत नाही, यावर आण्णांची सारी भिस्त होती.

“आगं, अजून उजेड हाय की!”

“कंदिलाचा हाय त्यो,” आक्काताई म्हणायच्या आणि भांडी पालथी घालायच्या.

अशा उपाशी माणसाकडे लालासाहेब नोकरी मागायला गेला.

“तुला गुळातलं काय कळतंय रं?” आण्णा म्हणाले. “तू बूट मोजलास. बूट पाघळत न्हाईत.”

“आण्णा, माज्याकडं पेटी हाय. हवेतलं पानी वडून घेती. वखारीत ठेवू. गूळ कोरडा ऱ्हायला तर किल्ली माज्याकडं द्यायची.”

“हवेत पानी असतंय?”

“लय असतंय.”

आण्णांनी समोरच्या हवेकडे बारकाईने पाहिलं. “आदी तुज्या घरात चालवून दाव. बेंदराला येतो बगायला. पानी दिसलं तर वखारीत ठीव, न्हाईतर पुन्याला जा सुखानं.”

लालासाहेबाने पेटी माजघरात मांडली, ताटात खडे भरले आणि ‘ट्रायल’ सुरू झाली. गल्लीतल्या बाया नव्या नवरीला पाहायला यावं तशा येऊन पेटीपुढे बसल्या. बराच वेळ बसल्या. मग एक एक करून उठल्या.

“काय झालं गं?” बाहेर कुणी विचारलं.

“काय न्हाई. बसलीया.”

दुसऱ्या दिवशी काचेच्या पट्टीच्या तळाला नखभर पाणी दिसलं. लालासाहेब म्हणाला, मशीन अजून हवेची ओळख करून घेतंय. तिसऱ्या दिवशीही नखभरच. त्याने जेवताना दुसरी भाकरी नको म्हटलं आणि पुण्याला जाणाऱ्या मोटारी किती वाजता सुटतात याची चौकशी केली.

त्या रात्री मनुबाईंना झोप लागली नाही. सकाळी लालासाहेब टमरेल घेऊन ओढ्याकडे गेला, तशा त्या उठल्या आणि एक तांब्याभर पाणी पेटीत ओतून आल्या. लेक परत आला, पट्टी पाहिली, आणि हातातलं टमरेल खाली न ठेवताच ओरडला, “आये! तीन बोटं!”

“मी म्हनलं नव्हतं?” मनुबाई म्हणाल्या. त्यांनी असलं काहीएक म्हटलं नव्हतं.

तिथून पुढे पेटीने जो जोर धरला तो काही विचारू नका. घंटी सकाळी वाजायची, दुपारीही वाजायची. लालासाहेबाने डबा परड्यात रिकामा करून परत बसवला की दोन-चार तासांत पुन्हा पाणी चढलेलं असायचं. त्याने पेटी पश्चिमेला तोंड करून ठेवली, पूर्वेला ठेवली, पंखा हळू फिरवला, भरभर फिरवला. कसंही केलं तरी पाणी सारखंच. ‘कुठल्याही हवेत चालतं,’ असा निष्कर्ष त्याने काढला. एक गोष्ट मात्र विचित्र होती. सकाळी पेटीला हात लावला तर ती अंगात ताप असल्यासारखी कोमट लागायची, आणि ताटातले खडे भराभर संपायचे.

“काम करतंय म्हून तापतंय,” लालासाहेब म्हणाला. “खातंय बी तसंच.” आणि बरोबर आणलेल्या डब्यातले खडे त्याने खुशीने ताटात रिकामे केले.

बेंदराच्या सकाळी तो थोरल्याच्या बैलांची शिंगं रंगवायला गेला. घरात सामसूम झाली. मनुबाई तांब्या घेऊन माजघरात आल्या, तर पेटीपुढे विजयमाला उभी. तिने हात पाठीमागे घेतले. मनुबाईंनीही घेतले.

“तू हितं काय करतीस?”

“तुळशीला पानी घालाय चाललीया.”

“तुळस परड्यात हाय.”

“आन् तुमी, आत्याबाई?”

मनुबाईंनी जरा विचार केला. “मी बी तुळशीलाच.”

परड्यात गुरांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती.

“कवापास्नं वततीस?” मनुबाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

“बुदवारपास्नं. दुपारी ह्यांचा डोळा लागला की.”

“मी मंगळवारपास्नं,” मनुबाई म्हणाल्या. कुठल्याही कामात सून आपल्या पुढे गेलेली त्यांना चालत नसे.

मग विजयमालेने पेटीचं झाकण उघडलं आणि डोक्याला हात लावला. “आत्याबाई, तुमी पानी कुटनं वतताय?”

“वरनं.”

“वरनं? आवं, खालच्या डब्यात वतायचं! पानी पडलं की ते खडे चुन्यागत तापत्यात, समदे इरघळून गेले की!”

“मला काय ठावं? देवाला बी वरनंच वतत्यात.”

ताटात चमचाभर लगदा उरला होता. खड्यांचा डबाही रिकामा झाला होता. आणि उन्हं डोक्यावर आली की बाहुबलीआण्णा पाहायला येणार होते. विजयमाला उतरंडीकडे गेली, मिठाचं मडकं काढलं आणि ताटात ओंजळी ओंजळीने खडेमीठ भरलं. दिसायला फरक कळत नव्हता. उलट मीठच जास्त ऐटबाज दिसत होतं.

“कुटल्या दुकानातलं?” मनुबाईंनी विचारलं.

“आण्णांच्याच.”

“मग त्यांस्नी नावं ठेवायला जागाच न्हाई.”

आण्णा आले ते आक्काताईंना घेऊनच. घंटी वेळेवर वाजली. वाजणारच होती, कारण दोघींनी मिळून डबा काठोकाठ भरून ठेवला होता आणि लालासाहेबाने पंखा फिरवला तसा गोळा उसळला. आण्णांनी पट्टीवर बोट ठेवलं, वास घेतला, पेटीभोवती एक चक्कर मारली.

“गड्या, लय पानी हाय की हवेत!” ते म्हणाले. “आमी उगंच हिरी खांदत बसलो.”

आक्काताईंचं लक्ष मात्र पट्टीकडे नव्हतं. पाणी गाळल्याशिवाय त्यांच्या घरात तांब्यात पडत नसे. त्यांनी पंख्याच्या भोकात डोकावून पाहिलं.

“लालासाहेब, ही हवा आत वडती. मग हवेत जे बारीक जीव असत्यात, ते बी आत जात असतील?”

पाच वर्षांत लालासाहेबाला हा प्रश्न कुठल्याही साहेबाने विचारला नव्हता. “आक्काताई, त्याची ऑर्डर न्हवती,” तो म्हणाला.

“आमच्या वखारीत यायचं तर ऑर्डर आमची.” त्यांनी घरातून पाणी गाळायचं जाड फडकं आणलं, दुपदरी केलं आणि पेटीच्या तोंडावर आणि पंख्याच्या भोकावर आवळून बांधलं. “आता न्ह्या.”

पेटी वखारीत गेली. माजघराच्या सामाईक भिंतीला वर एक लहानसा झरोका होता, त्याच्या बरोबर खाली तिला जागा मिळाली, कारण बाकी सगळीकडे गुळाच्या ढेपा होत्या. ठरलं ते असं. लालासाहेबाने दुपारचं जेवण उरकून वखारीत बसायचं, पंखा फिरवायचा, गाड्या-हमालांकडेही तोच बघेल, आणि दिवेलागणीला कुलूप लावून किल्ली आक्काताईंच्या हातात द्यायची. नारळी पौर्णिमेला निकाल.

लालासाहेब मनापासून बसला. बसल्या बसल्या त्याने ढेपांच्या रांगा सरळ केल्या. भिंतीला टेकलेल्या ढेपा हातभर पुढे ओढल्या, खाली कोरडं पाचट अंथरलं, गळक्या कौलाखाली बादली ठेवली आणि मग कौलच बदललं. पावसाची झड आली की दार लोटायचं आणि उघडीप झाली की उघडायचं, हे त्याला सांगावं लागलं नाही. याला तो काम म्हणत नव्हता. काम म्हणजे पंखा फिरवणं. तो तासन्‌तास फिरवायचा, पण दुपदरी फडक्यातून हवा जाणार कशी? पट्टी कोरडी ती कोरडीच. घंटी मुकी झाली.

भिंतीच्या अलीकडे दोन बायका कान लावून बसत.

“वाजली?”

“न्हाई. पाल चुकचुकली.”

आषाढ संपला. एका संध्याकाळी लालासाहेबाने फौजेतले बूट काढले आणि त्यांना तेल लावलं. दुसऱ्या दिवशी ट्रंक उन्हात ठेवली. ऊन नव्हतं, तरी ठेवली. विजयमाला ते पाहून चुलीपुढे धुराच्या नावाखाली रडली. मनुबाई थोडा वेळ तिच्याजवळ बसल्या, मग उठून गोठ्यात गेल्या आणि बैलाला औषध पाजायचं बांबूचं लांब नळकांडं घेऊन आल्या.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “कणगीवर चढ.”

दुपारी आण्णा जेवायला घरी जायचे आणि लालासाहेब जेवून बाहेर ओसरीवर लवंडलेला असायचा, अजून वखारीत गेलेला नसायचा. तेवढी वेळ साधून विजयमाला धान्याच्या कणगीवर उभी राहायची, नळकांडं झरोक्यातून पलीकडे सरकवायची, आणि मनुबाई शिडीवरून तिच्या हातात तांब्या द्यायच्या. पलीकडचं दिसत नव्हतं. नेम अंदाजाने धरायचा. पहिला तांब्या कुठे गेला ते कळलं नाही, दुसराही नाही. तिसऱ्याला मात्र फडक्यावर पाणी पडल्याचा टपटप आवाज आला, आणि चौथ्याला भिंतीपलीकडे घंटी खणखणली. सासू शिडीवर आणि सून कणगीवर, दोघींनी तोंडात पदर कोंबला.

ती घंटी आण्णांनी अंगणात हात धुताना ऐकली. संध्याकाळी दुकानात येईल त्याला ते सांगत होते, “वखारीला कुलूप, आत चिटपाखरू न्हाई, आन् पेटी वाजली की रं! भाद्दर मशीन हाय.”

लालासाहेबाने बूट परत पिशवीत घातले.

नारळी पौर्णिमा उजाडली. निकाल संध्याकाळी लागायचा होता. पण सणाचं दुकान लवकर बंद झालं, आणि आण्णांना धीर निघेना. दुपारचं जेवण होताच त्यांनी आक्काताईंना हाक मारली, अंगणात बसलेल्या लालासाहेबाला बरोबर घेतलं आणि त्याच्या हाती किल्ली देऊन वखार उघडवली. माजघरात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आण्णा ढेपांवरून हात फिरवत निघाले. पहिली रांग कोरडी. दुसरी कोरडी. बोटाने टोकरलं तर कण सुटत होते. आण्णांचा चेहरा उजळत गेला. लालासाहेब छाती काढून मागे चालत होता. शेवटच्या रांगेपाशी, झरोक्याखाली, आण्णा थांबले.

“लालासाहेब.”

“जी.”

“साऱ्या वखारीत एकच ढेप पागळलीया.”

“कुटली?”

“तुज्या पेटीला खेटून हाय ती.”

खरंच, ती ढेप नव्हतीच, तिची काकवी झाली होती. आणि तिच्याकडे मुंग्यांची रांग निघाली होती. आण्णांनी वाकून फडकं बाजूला केलं, डब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. लावलं आणि थबकले. पुन्हा लावलं.

“खारट लागतंय,” ते म्हणाले. “मागनं गोड बी लागतंय. आष्ट्याच्या हवेत हे कुटनं आलं?”

लालासाहेब काही बोलणार तोच वर खसखस झाली. सगळ्यांनी मान वर केली. झरोक्यातून बांबूचं नळकांडं हळूच आत आलं, डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं आणि बरोबर आण्णांच्या टोपीवर येऊन स्थिर झालं.

“वतू का?” भिंतीपलीकडून विजयमालेचा आवाज आला.

“वत,” मनुबाई म्हणाल्या. “पर बेतानं. मागल्या खेपंला निम्मं गुळावर गेलं. आण्णाचा जीव हाय त्या गुळात.”

आण्णांना बाजूला होता आलं असतं. पण माणूस अशा वेळी वर बघत उभा राहतो, तसे ते राहिले. अख्खा तांब्या डोक्यावर पडला, टोपीच्या काठावरून ओघळला, आणि राहिलेलं पाणी पेटीत गेलं तशी घंटी खणखणीत वाजली.

“वाजली!” पलीकडून दोघी एकदम म्हणाल्या.

सगळ्यात आधी आक्काताईंना कंठ फुटला. त्या झरोक्याकडे तोंड करून म्हणाल्या, “मनुबाई, पानी गाळल्यालं हाय न्हवं?”

पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं. “तुमच्याच फडक्यातनं जातंय की, आक्काताई.”

लालासाहेब ताठ उभा राहिला. फौजेत नापास झालेल्या मालापुढे उभं राहतात तसा. “आण्णा,” तो म्हणाला, “ट्रायल फेल. उद्या सकाळच्या मोटारीनं मी पुन्याला जातो.” त्याने किल्ली पुढे केली. भिंतीपलीकडे काहीतरी दाणकन पडलं. तो तांब्या होता.

आण्णांनी किल्ली घ्यायला हात उचलला, तेवढ्यात आक्काताईंनी विचारलं, “तुमी काल कवा जेवलासा?”

“आता हे काय मदीच?”

“कवा जेवलासा?”

“दिस असताना.”

“परवा?”

“परवा बी.”

“आन् बेंदराच्या आदी?”

आण्णांनी डोक्यावरची ओली टोपी काढून पिळली.

“मी सांगते,” आक्काताई म्हणाल्या. “रोज उपाशी निजायचासा आन् भुकेपायी माज्यावर करवादायचासा. उशी टोचती, खाट करकरती, भिंतीचा रंग बरा न्हाई. गेला महिना झाला, गडी गाड्यांकडं बगतोय, तुमी वेळंला घरी येताय, ऊन ऊन जेवताय. भिंतीच्या रंगाबद्दल एक शबुद न्हाई. हिकडं ट्रायल चालली हुती तवा तिकडं माजी बी चालली हुती. माजी पास झालीया.”

“आगं, पर ढेप पागळली...”

“एक पागळली. ती पेटीनं न्हाई, ह्या दोघींनी. बाकीच्या कोरड्या ऱ्हायल्या त्या कुनी ठेवल्या? पेटीनं? तिच्या तर तोंडाला मी फडकं बांदलं हुतं.”

आण्णांनी वखारीवरून नजर फिरवली. सरळ रांगा, पाचट, नवं कौल. मग त्यांनी लालासाहेबाचा किल्ली धरलेला हात मुठीसकट मिटवला. “पेटी नापास,” ते म्हणाले. “गडी ठेवतो. पर हे धूड आजच्या आज माज्या वखारीतनं हालव.”

लालासाहेबाला आनंद व्हायला थोडा वेळ लागला. पेटी नापास झाल्याचं दुःख आधी संपावं लागलं.

“आण्णा,” झरोक्यातून मनुबाईंचा आवाज आला, “अजून एक तांब्या भरल्याला हाय. वतू का ऱ्हाऊ दे?”

पाघळलेली ढेप मनुबाईंनी परातीत भरून घरी आणली. त्या सणाला केलेल्या नारळीभाताला किंचित खारट चव होती, पण लालासाहेबाने तीनदा मागून घेतला आणि विजयमालेने ट्रंक माळ्यावर चढवली. पेटी चुलीशेजारी एका कोपऱ्यात गेली. तिच्यात काहीतरी ठेवायला हवं म्हणून मनुबाईंनी तिच्या ताटात घरचं मीठ ठेवलं. आक्काताईंचं फडकं त्यांनी धुऊन परत केलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात, लालासाहेब वखारीत गेला असताना, विजयमाला भाकरी थापत होती आणि मनुबाई शेंगा फोडत होत्या. अचानक घंटी वाजली.

दोघींनी एकदम मान वर केली.

“आत्याबाई, तुमी वतलं?”

“मी कशाला वतू आता? मला वाटलं तू.”

विजयमालेने पिठाचे हात पुसले आणि झाकण उघडलं. पावसाळी हवेने मिठाला पाणी सुटलं होतं आणि ते थेंब थेंब उतरून खालचा डबा काठोकाठ भरला होता. कुणी काही न करता.

“आगं बया,” मनुबाई म्हणाल्या. “ही तर खरंच चालती!”

“ह्यांस्नी सांगू? लय आनंद हुईल.”

मनुबाईंनी दाराकडे पाहिलं. भिंतीपलीकडे लालासाहेब हमालांना ढेपा मोजून देत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता.

“गप ऱ्हा,” त्या म्हणाल्या. “सांगितलंस तर पुन्याला रिपोट धाडंल, आन् डेपोवाले मागनं त्यालाच बोलवून घीतील. धर त्या बाजूनं.”

दोघींनी डबा दोन्हीकडून धरला, पाऊल न वाजवता परड्यात नेला आणि तुळस सोडून बाकी सगळीकडे ओतून टाकला.